बघू तरी, चालू होतो का!

पाण्यातून काढलेला कॅमेरा हातात आला, की आपला अंगठा आपोआप बटणाकडे जातो. नाणेघाटाच्या कड्यावर, दिवेघाटात पालखीबरोबर चालताना, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर, सगळीकडे हेच दृश्य. भोवती जमलेले चार जणही तेच सुचवतात: बघू तरी, चालू होतो का! माझं मत विचाराल, तर भिजलेल्या कॅमेऱ्याचा घात बऱ्याचदा या एका वाक्याने होतो. नुसत्या पाण्याने जे नुकसान कदाचित झालंच नसतं, ते त्या एका दाबण्याने होऊन बसतं.

यामागचं कारण शाळेतल्या विज्ञानाइतकं सोपं आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण आपल्या वाट्याला शुद्ध पाणी येतं कुठे? नळाच्या, नदीच्या, अगदी छपरावरून गळणाऱ्या पाण्यातही क्षार विरघळलेले असतात. कॅमेऱ्याच्या सर्किटवर तांब्याच्या बारीक रेषा एकमेकींच्या अगदी जवळून गेलेल्या असतात. त्यांच्यावर असं पाणी असताना वीज सोडली, की एका रेषेचं तांबं सुटून दुसरीकडे जमा व्हायला लागतं आणि काही मिनिटांत रेषा खाल्ल्या जातात. वीज नसेल, तर तेच पाणी बराच वेळ तसं निरुपद्रवी पडून राहतं. म्हणून पाणी आत गेलं की नाही, याच्या आधी तेव्हा बॅटरी आत होती की बाहेर, हे महत्त्वाचं ठरतं.

तेव्हा पहिलं काम बॅटरी काढण्याचं. कॅमेरा चालू असेल, तर रीतसर बंद करत बसू नका, लेन्स आत जाण्याची वाट पाहू नका. शेवटचा फोटो कार्डावर लिहिला जात असेल तर तो गेला, असं समजा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅमेरा बंद दिसला, तरी बॅटरी आत असेपर्यंत काही भागांना वीज मिळतच असते. झाकण उघडताना कॅमेरा सरळ धरा, म्हणजे झाकण तळाशी राहील आणि वरचं पाणी ओघळून बॅटरीच्या खाचेत शिरणार नाही. त्यापाठोपाठ मेमरी कार्ड काढा. मग पंचा, रुमाल, टी-शर्ट, जे कोरडं असेल त्याने पाणी टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. पुसताना पाणी फटींमध्ये ढकललं जातं आणि लेन्सवर वाळूचा एखादा कण असेल, तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. बाहेरून टिपून झाल्यावर लेन्स खालच्या दिशेने धरून काढा आणि बॉडीचं तोंडही खालीच ठेवा. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स निघाली, की सेन्सर बऱ्याचदा उघडाच समोर असतो. त्यावर थेंब दिसला, तरी बोट किंवा रुमाल लावायचा नाही.

कॅमेरा जोरजोराने झटकण्याचा मोहही आवरा. पाणी बाहेर येण्याऐवजी ते जिथे नव्हतं तिथे जातं. झूमची आणि फोकसची रिंगही फिरवू नका. झूम पुढे-मागे होताना लेन्समध्ये हवा खेचली जाते आणि हवेबरोबर ओलही.

कोणतं पाणी, हा पुढचा प्रश्न आणि बरंचसं भवितव्य त्यावर ठरतं. पावसाची सर हा त्यातला सर्वांत दयाळू प्रकार. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात गाळ असतो, तो वाळल्यावर बटणांखाली आणि डायलमध्ये अडकतो. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन धातूला बाधतं. चहा, सरबत, उसाचा रस यांना लोक पाण्याइतकंच समजतात, पण साखर वाळली की चिकटा होतो आणि शटरची पाती, बटणं जाम होतात. असा कॅमेरा वाळवून काही साधत नाही, तो उघडून साफच करावा लागतो. रंगपंचमीचं पाणीही याच जातीचं.

आणि समुद्र. तारकर्लीला बोटीतून उतरताना, अलिबागला लाटेबरोबर फोटो काढताना, विसर्जनाला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणजे पहिल्या काही क्षणांतलं नुकसान फार मोठं असतं. शिवाय पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं. ते हवेतली ओल पुन्हा पुन्हा ओढून घेतं आणि गंजण्याचं काम शांतपणे चालू राहतं. नुसते तुषार उडाले असतील, तर काळजीचं कारण कमी. स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने सगळं बाहेरचं अंग, विशेषतः लेन्स जिथे बसते त्या माउंटभोवतीची जागा, फ्लॅश बसवायची खाच आणि झाकणांच्या कडा, त्याच दिवशी टिपून घ्या. घरी गेल्यावर करू म्हटलं, की मीठ वाळून पांढरं पडतं. पण कॅमेरा पूर्ण बुडून बाहेर आला असेल, तर खरं सांगायला हवं: तो परत नीट चालण्याची आशा फार थोडी असते. अशा वेळी भाबडेपणाने आठवडाभर वाळवत बसण्यापेक्षा बॅटरी काढून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या हाती द्यावा. मीठ वाळायच्या आत आतून धुतला गेला, तर थोडी शक्यता उरते. बॉडी गेली, तरी लेन्स वाचू शकते आणि कार्ड तर बहुतेक वाचतंच.

आता तांदळाबद्दल. आपल्या घरांमध्ये भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याची रीत इतकी पक्की आहे, की त्याविरुद्ध बोलणं म्हणजे आजीच्या काढ्याला नावं ठेवण्यासारखं वाटतं. पण जुलैत मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. त्याच हवेत राहिलेला डब्यातला तांदूळ आधीच ओल धरून बसलेला असतो. तो कॅमेऱ्याच्या पोटातलं पाणी काय खेचणार? उलट त्याचा कोंडा आणि पिठूळ भुकटी फटींत शिरते आणि ओलीने खळीसारखी चिकटते. ॲपलनेही 2024 मध्ये आपल्या सूचनांमध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण फोनचं नुकसान करू शकतात, असं स्पष्ट लिहिलं. कॅमेऱ्याला तर फोनपेक्षा जास्त फटी असतात.

पाणी घालवतं ते वारं. पहिले 24 तास कॅमेरा सगळी झाकणं उघडी ठेवून, लेन्सचं भोक खाली, अशा बेताने दोन पट्ट्यांवर किंवा जाळीवर ठेवा आणि टेबलफॅनचा मध्यम झोत सोडा. घरात एसी असेल, तर तीच खोली उत्तम, कारण एसी हवेतली ओल काढून टाकतो. त्यानंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणखी दोन-तीन दिवस. बुटांच्या खोक्यातली एक पुडी पुरत नाही, मूठभर तरी जेल हवं. ते बाजारात सुटंही मिळतं. ओल शोषली की रंग बदलणारं घेतलंत, तर ते कधी थकलं हे दिसतं. त्यातलं नारिंगी घ्यावं, निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. हेअर ड्रायर, ओव्हन, गॅसजवळची जागा हे सगळं वर्ज्य. उष्णतेने आतला गोंद सुटतो, लेन्समधलं वंगण पातळ होऊन पात्यांवर पसरतं. उन्हात ठेवणंही नको. लेन्समधून ऊन आत एकवटलं, तर शटरचा किंवा सेन्सरचा निकाल लागू शकतो.

एवढं होईपर्यंत स्क्रू काढून आत बघण्याची हुक्की येते. ती कृपा करून आवरा. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आहे, त्यात साधारण 300 व्होल्टपर्यंत भारित होणारा कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो भार बराच वेळ धरून ठेवतो. त्याचा धक्का चांगलाच बसतो. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी खाऱ्या पाण्यात भिजली असेल, तर ती चार्जरला लावायचीच नाही. फुगलेली, गरम झालेली किंवा वास येणारी बॅटरी घरात, पिशवीत, गाडीत ठेवू नका. मोकळ्या जागी, जळण्यासारखं काही जवळ नाही अशा ठिकाणी ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. गोड्या पाण्याने थोडी ओली झालेली बॅटरीसुद्धा मी पुन्हा वापरणार नाही. कॅमेऱ्याच्या मानाने ती स्वस्त असते.

कार्डाची काळजी मात्र सगळ्यात कमी करा. एसडी कार्डात हलणारं काही नसतं. त्यावर माती किंवा मीठ असेल, तर स्वच्छ पाण्यात हलकं खळबळून, टिपून, एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि मगच रीडरमध्ये घाला. ओलं कार्ड लॅपटॉपला लावणं म्हणजे पुन्हा तेच, पाणी आणि वीज. फोटो दिसले नाहीत, तर कॅमेरा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारेल. नाही म्हणा, त्या कार्डावर नवीन काहीही काढू नका आणि फोटोरेकसारखा, गेलेले फोटो परत शोधणारा मोफत प्रोग्राम चालवून बघा. 2019 ला सांगली-कोल्हापुरात आणि 2021 ला चिपळूण-महाडमध्ये आला तसा पूर घरात शिरला, तर चिखलात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा आधी कार्डं आणि हार्ड डिस्क शोधाव्यात. हार्ड डिस्क मात्र कार्डासारखी स्वतः धुऊ-वाळवू नये, चालू करून बघू नये. ती डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडेच द्यावी.

चार दिवसांनी दुसरी, कोरडी बॅटरी घालून कॅमेरा सुरू केलात आणि तो चालला, तर आनंद माना, पण सुटलो म्हणू नका. चालला म्हणजे वाचला, असं पाण्याच्या बाबतीत होत नाही. आत राहिलेल्या क्षारांचं काम महिनोन् महिने चालतं. एखादं बटण आपोआप दाबलं गेल्यासारखं वागणं, बॅटरी लवकर उतरणं, लेन्सशी संपर्क तुटल्याचा संदेश, ही त्याची सुरुवात. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. भिजलेली लेन्स कपाटात कातड्याच्या पाउचमध्ये ठेवली, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती हमखास येते. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने भिजलेला कॅमेरा एकदा सर्व्हिस सेंटरमधून उघडून साफ केल्याशिवाय मुख्य कॅमेरा म्हणून नेऊ नये.

‘माझा कॅमेरा वेदर-सील्ड आहे’ हे वाक्य मला नेहमी धोक्याचं वाटतं. वेदर-सील्ड म्हणजे जलरोधक नव्हे. किती पाणी सोसेल, हे आयपी अंक सांगतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांना तो अंक दिलेलाच नसतो. 2022 च्या ओएम सिस्टीमच्या ओएम-1 ला तो आहे: आयपी53. त्यातला 3 म्हणजे वरून, उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत तिरप्या येणाऱ्या फवाऱ्यापासून संरक्षण, तेही सील असलेली लेन्स लावली असेल तर. नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी दरीतून उलटं वर फेकतो. म्हणजे जिथे आपण मुद्दाम जातो, तिथे पाणी नेमकं खालून येतं. ऑलिंपसच्या टफ टीजी-6 सारखे कॅमेरे 15 मीटर पाण्याखाली चालतात, पण तेही झाकणाच्या रबरी पट्टीवर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला नसेल तरच. ही पट्टी पाण्यात उतरण्याआधी दर वेळी बघायची असते.

पाऊस नसतानाही कॅमेरा ओला होतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. हॉटेलच्या एसी खोलीतून थेट कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला, की गार काचेवर आणि आतल्या भागांवर दव धरतं. पुसून उपयोग नाही, लेन्स काढणं तर नकोच. बॅग बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू दिली, म्हणजे हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता पडण्याकडे वळू. इथेही ‘बघू तरी’ घात करतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. कॅमेरा पडला, उचलला, चालू केला, एक फोटो काढला, स्क्रीनवर बरा दिसला, झालं. पण त्या इवल्याशा स्क्रीनवर सगळंच बरं दिसतं.

आधी बॅटरी काढून शांतपणे निरखा. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये एका बाजूला फट दिसते का? स्वस्त लेन्सचं प्लास्टिकचं माउंट आदळल्यावर तुटतं आणि धक्का स्वतःवर घेऊन बॉडी वाचवतं. जड लेन्सचं धातूचं माउंट तुटत नाही, पण ते बॉडीचं माउंट वाकवू शकतं. म्हणून जड लेन्स लावलेला कॅमेरा पडला, तर वरवर काही न दिसताही संशय धरावा. आत काही खुळखुळलं, तर लगेच घाबरू नका. लेन्समध्ये किंवा सेन्सरला कंप रोखणारी यंत्रणा असेल, तर कॅमेरा बंद असताना असा आवाज येणं नेहमीचंच. पूर्वी येत नव्हता असा आवाज असेल, तर मात्र सुरू करू नका.

छोट्या कॅमेऱ्याची बाहेर आलेली लेन्स तिरकी होऊन अडकली असेल, तर ती बोटाने आत ढकलू नये. नळ्यांच्या आतले प्लास्टिकचे दाते नाजूक असतात, ते मोडले की लेन्सचा सगळा भागच बदलावा लागतो. वाळूत पडलेल्या कॅमेऱ्याचंही तेच: आधी लेन्स खाली करून हाताने दाबायच्या ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रशने झटका, आणि करकर आवाज येत असेल तोवर झूम फिरवू नका.

पुढच्या फिल्टरची काच फुटली असेल, तर लेन्स जमिनीकडे करा आणि कण पडू द्या. फडका फिरवलात, तर त्या कणांनीच खालची काच ओरबाडली जाईल. कडेला पोचा पडून फिल्टर अडकला असेल, तर पक्कड वापरू नका. रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवून बघा, न निघाल्यास दुरुस्तीवाल्याकडे न्या. एक सांगतो, पटलं नाही तरी चालेल: आदळण्यापासून संरक्षण म्हणून यूव्ही फिल्टरपेक्षा लेन्स हूड जास्त उपयोगी. प्लास्टिकचा हूड वाकतो, तुटतो आणि धक्का बराचसा आपल्यावर घेतो. मात्र तो उलटा लावून बॅगेत मिरवण्यासाठी नसतो.

खरी परीक्षा घरी आल्यावर घ्या. वर्तमानपत्राचं पूर्ण जोडपान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच्या अगदी समोर, समांतर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडं, टायमरने फोटो काढा. संगणकावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं बघा. एकच बाजू किंवा एकच कोपरा पुसट असेल, तर कॅमेरा उलटा, डोकं खाली करून पुन्हा तोच फोटो घ्या. पुसट भाग पानाच्या त्याच जागी राहिला, तर कॅमेरा समांतर नव्हता, दोष तुमच्या मांडणीचा. तो कॅमेऱ्याबरोबर फिरला, तर लेन्समधली काच सरकली आहे किंवा माउंट कललं आहे. दुसरी लेन्स लावून बघा. तीही त्याच बाजूला पुसट आली, तर दुखणं बॉडीचं. डीएसएलआर असेल, तर आरशामार्फत चालणारी फोकस यंत्रणा हलली का, हेही बघावं लागतं: व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमधून एकाच ठिकाणी फोकस करून दोन्ही फोटो ताडून पाहा. शेवटी मोकळ्या आकाशाचे फोटो वेगवेगळ्या शटरवेगांनी, 1/4000 पर्यंत. एका कडेला काळपट पट्टा आला, तर शटरला मार लागलाय.

दुरुस्तीला देताना खोटं बोलू नका. ‘आपोआप बंद पडला’ असं सांगणारे पुष्कळ, पण उघडल्यावर पाण्याचे डाग दिसतातच, आणि कोणतं पाणी, कधी, बॅटरी किती वेळ आत होती, हे कळलं तर कारागिराचं काम सोपं होतं. कंपनीच्या वॉरंटीत पाणी आणि पडझड येत नाही. आधी अंदाजपत्रक मागा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा वापरलेली दुसरी लेन्स बऱ्याचदा स्वस्त पडते. बदललेले सुटे भाग परत मागायला लाजू नका.

विमा असेल, तर क्रम बदलतो. विमा कंपनीला आधी कळवा, फोटो काढून ठेवा, आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत कॅमेरा उघडू देऊ नका. बॅटरी काढणं, वाळवणं एवढं करायला हरकत नाही, फक्त तसं कळवून ठेवा. बिलावर सीरियल नंबर नसेल किंवा बिलच पुसट झालं असेल, तर त्या कॅमेऱ्याने पूर्वी काढलेली एखादी मूळ फोटो फाइल उघडून तिची माहिती बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये प्रत्येक फोटोसोबत बॉडीचा सीरियल नंबर नोंदला जातो.

पावसाळा सरला, की भिजून वाळवलेले कॅमेरे जुन्या बाजारात येतात, मुंबईत बोराबाजारात आणि त्याहून जास्त मोबाइलवरच्या जाहिरातींत. घेताना बाहेरची चकाकी सोडून बॅटरीची खाच, फ्लॅशची खाच आणि तळाचे स्क्रू टॉर्च मारून बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी, गंजलेली स्क्रूची डोकी, व्ह्यूफाइंडरच्या आत वाळलेल्या थेंबांची कडी दिसली, तर किंमत कितीही खाली आली तरी पुढे चला.